मंदाझी मिक्सचं पाकीट: घेऊ नका, घरीच मळा

मिनियापोलिसला राहणाऱ्यांनी कार्मेल या सोमाली मॉलमध्ये एकदा तरी बघितलंच असेल, चहाच्या काउंटरवर काचेमागे बदामी रंगाच्या फुगलेल्या त्रिकोणांचा ढीग असतो. सोमाली लोक बुर म्हणतात नाहीतर मंदाझी, केनियाच्या किनाऱ्याला महामरी. मैदा, यीस्ट, साखर, भरपूर वेलची आणि बरेचदा नारळाचं दूध, बास एवढंच. पण चांगली जमलेली हातात घेतली की वजनच लागत नाही, मोडली की आत पोकळ आणि वेलचीचा वास डायरेक्ट नाकात.

तर त्याच मॉलमधल्या एका ग्रोसरीत मंदाझीचं रेडी मिक्स दिसलं, फक्त पाणी घाला आणि तळा असं लिहिलेलं, चार-साडेचार डॉलर. कंपनीचं नाव नाही लिहीत, ब्रँड बदलला तरी फार फरक पडेल असं मला वाटत नाही. पाकिटामागची यादी वाचली तिथेच शंका आली होती, मैदा, साखर, बेकिंग पावडर, मिल्क पावडर आणि ‘कार्डमम फ्लेवर’. म्हणजे वेलची नाहीच! आणि यीस्ट पण नाही. लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घातलं तर पीठ हाताला नुसतं चिकटत होतं, वरून मैदा भुरभुरवत कसंबसं लाटलं. तळल्यावर फुगली म्हणजे थोडी जाड झाली इतकंच, आत केकसारखा गच्च गाभा, आणि तेल इतकं प्यायली की टिश्यू पेपरचा अर्धा रोल संपला. वास म्हणाल तर आइस्क्रीमच्या इसेन्सचा. पोरांनी खाल्ली, पण पोरं काय, गोड आणि तळलेलं काहीही खातात.

शेजारी एक सोमाली काकू राहतात, १९९१ला सोमालियातलं सरकार कोसळून यादवी माजली, त्यानंतर देश सुटला आणि मग बरीच वर्षं केनियात दादाबच्या निर्वासित कॅम्पमध्ये काढून इकडे आल्या. त्यांना पाकीट दाखवलं तर त्यांनी ते उघडून नुसता वास घेतला, परत बंद केलं आणि मला म्हणाल्या, “हे परत दे, आणि वेलची घेऊन ये, सोललेली नको.” दुकानदाराने परत घेतलं नाही ते सोडा.

आता घरच्याचं सांगते, कारण खरं रेटिंग त्यालाच द्यायचंय. तीन कप मैदा, अर्ध्या कपाला जरा कमी साखर, यीस्टचं ७ ग्रॅमवालं एक सॅशे, चमचाभर ताजी कुटलेली वेलची, चिमूट मीठ, आणि कोमट नारळाचं दूध कपाच्या आतबाहेर. डबा उघडायच्या आधी जोरात हलवायचा, नाहीतर वर घट्ट साय आणि खाली पाणी राहतं. दूध एकदम ओतू नका, लागेल तसं घाला. वेलचीचे दाणे काकू थोड्या साखरेबरोबर खलबत्त्यात कुटतात, एकदम पूड नाही करत, बारीक काळे कण दिसले पाहिजेत. काही जण अंडं घालतात, त्या नाही घालत. आठ-दहा मिनिटं दाबून मळायचं, गुळगुळीत झालं की झाकून ठेवायचं. जानेवारीत इथल्या किचनमध्ये पीठ ढिम्म हलत नाही, त्यामुळे ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवायचं, दीड-दोन तासात दुप्पट होतं.

सगळी गंमत लाटण्यात आहे. चार गोळे करून साधारण पाव इंच जाडीचे गोल लाटायचे आणि प्रत्येकाचे चार त्रिकोण कापायचे. पातळ लाटलं तर कडक होतात, जाड ठेवलं तर आत कच्चट. कापल्यावर लगेच तेलात नाही टाकायचे, पंधरा-वीस मिनिटं कपड्याखाली ठेवायचे, ही स्टेप गाळाल तर फुगायची फार आशा ठेवू नका. तेल १७५-१८० डिग्री सेल्सियस, धूर अजिबात नको, कारण पिठात साखर आहे, बाहेरून भराभर काळं होतं आणि आत कच्चं राहतं. तेलात सोडल्या सोडल्या पुरीला उडवतो तसं झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं, मग जो टम्म फुगतो ना त्रिकोण! एका वेळी तीन-चारच, गर्दी केली की तेल गार पडतं आणि मग ते तेल पिणारच. एअर फ्रायरचं विचारू नका, पाव होतो त्याचा.

पाकीट ५ पैकी दीड, आणि तो दीड पण पोरांमुळे. घरची साडेचार, अर्धा कापला कारण यीस्टसाठी थांबावं लागतं, पाहुणे दारात आल्यावर करायचा पदार्थ नाही हा. काउंटरवरची पण चांगलीच असते, पण सकाळी जा, दुपारनंतर चिवट होते. रमजानमध्ये मात्र संध्याकाळी ताजी मिळते, इफ्तारला सांबूस (म्हणजे सोमाली सामोसा), खजूर आणि ही लागतेच, फक्त गर्दी प्रचंड.

सोबत सोमाली शाह हवाच, म्हणजे वेलची, लवंग, दालचिनी, आलं घालून उकळलेला आणि दणकून साखर टाकलेला चहा. मोंबासाकडे मात्र नाश्त्याला महामरीबरोबर ‘म्बाझी’ खातात, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे, चक्क आपली तूर! इंडियन ग्रोसरीत फ्रोजन तुरीचे दाणे मिळतात ते चालतात, हळद, हिरवी मिरची, कांदा आणि डब्यात उरलेलं नारळाचं दूध. दाणे आधी नीट शिजवून घ्या, दूध शेवटी घालायचं आणि मग खळखळून उकळायचं नाही, फाटतं.