खेळणी कपाटात, डबे जमिनीवर: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आमची लेक दहा महिन्यांची असताना आम्ही ओट्याखालची सर्वांत खालची ट्रॉली रिकामी करून तिच्या स्वाधीन केली. आज ती एकवीस महिन्यांची आहे. या काळात त्या ट्रॉलीने खेळणी म्हणून कसे काम केले, याचा हा लेखाजोखा आहे. सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असल्यामुळे ही पाहणी मुख्यतः सात ते नऊ या वेळातली आहे.

ट्रॉलीत एकात एक बसणारे स्टीलचे पाच डबे, दोन वाट्या, एक फुलपात्र, पिठाची चाळणी, लाकडी रवी, डाव आणि घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी ठेवली होती. पहिल्या वाढदिवसाला आलेली बॅटरीवर वाजणारा ढोल, रंगीत कड्यांचा मनोरा आणि खोटा मोबाइल ही खेळणी दिवाणखान्यात तिच्या हाताला येतील अशी मांडलेली होती. त्यामुळे तुलना तशी न्याय्यच झाली.

सुरुवातीचे दोन महिने डब्यांचा उपयोग केवळ आपटण्यासाठी झाला, आणि त्या काळात हा प्रयोग बंद करावा असे मला अनेकदा वाटले. तेराव्या महिन्याच्या सुमारास आवाज कमी झाला, कारण तिला झाकणांचा शोध लागला. मोठे झाकण लहान डब्यावर ठेवायचे, ते घसरले की पुन्हा ठेवायचे, मग जोराने दाबायचे, असा क्रम तिने कित्येक दिवस न कंटाळता चालवला. पंधराव्या महिन्यात ती दाबण्याआधी दुसरे झाकण घेऊन पाहू लागली. ढोलाची कळ दाबली की दर वेळी तेच गाणे वाजते. डब्याचे तसे नसते: रिकामा डबा वेगळा वाजतो, वाटी घातलेला वेगळा, फरशीवर वेगळा आणि सतरंजीवर तर जवळजवळ वाजतच नाही. स्टील सकाळी गार लागते, करवंटी लागत नाही. रवीचे वजन एका टोकाला असते आणि ती धरायला मनगट वळवावे लागते. एवढे वैविध्य प्लॅस्टिकच्या खेळण्यात घालणे कुणाला परवडेल असे मला वाटत नाही.

हे निरीक्षण नवे नाही. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत काढलेल्या बालगृहात उत्तम खेळणी असूनही मुले त्यांच्याकडे फारसे वळत नसत, असे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. ती मुले आमच्या लेकीपेक्षा बरीच मोठी होती. बसू लागलेल्या पण अजून रांगता न येणाऱ्या बाळांसाठी एलिनॉर गोल्डश्मिड या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंनी घरगुती वस्तूंची टोपली सुचवली, आणि तीत प्लॅस्टिक नसावे असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला बालवाडीचे काम करताना महागड्या साधनांच्या जागी दगड, बिया, पाने, शिंपले असे परिसरातले साहित्य आणले. आमच्या ट्रॉलीत बिया मात्र आल्या नाहीत. त्याचे कारण पुढे येईलच.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अनुभव या प्रयोगाच्या सहाव्या महिन्यातला आहे. रोजच्या वापरातले डबे तिच्याकडे अडकून पडतात म्हणून मी बाजारातून तसाच, अधिक चकचकीत संच आणून ट्रॉलीत ठेवला आणि जुने डबे वर नेले. दोन आठवड्यांत ट्रॉलीची गोडी संपली आणि लेक माझ्या पायाशी येऊन वरच्या डब्यांकडे बोट दाखवू लागली. शेवटी चहा-साखरेचे पोचे आलेले डबे पुन्हा खाली आले आणि नवा संच आमच्या वापरात गेला. महिनाभराने मीच त्यात पोहे ठेवू लागलो, तेव्हा तिला तोही हवासा झाला. म्हणजे तिला धातूचे किंवा आवाजाचे आकर्षण असेलही, परंतु मोठ्यांच्या हातात जी वस्तू खरोखर कामाला येते, तीच तिला हवी असते. खोटा मोबाइल पहिल्याच दिवशी का बाद झाला, याचेही उत्तर मला तेव्हा मिळाले: त्याच्याकडे आम्ही कुणी कधी पाहतच नव्हतो. रवीचेही तसेच झाले. चार महिने ती एका हातात काठीसारखी धरली जात होती. माझी आई महिनाभर राहायला आली, रोज ताक करू लागली, आणि एका सकाळी लेक रवी दोन्ही तळव्यांत धरून घुसळू लागली.

दोषही सांगायला हवेत, आणि त्यांत सुरक्षिततेचा दोष मोठा आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे आणि तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारा तुकडा घातक धरला जातो. डाव किंवा वाटी अशा चाचणीतून गेलेली नसते, म्हणून ती जबाबदारी आपल्यावर येते. तिची अत्यंत आवडती कुकरची शिट्टी पट्टीने मोजल्यावर मी काढून घेतली, आणि त्यावरून दोन दिवस रडारड झाली. चिंचोके, राजमा, शेंगदाणे कधीच दिले नाहीत. नव्या चाळणीची कड हाताने चाचपली नव्हती, त्या कडेने लेकीच्या अंगठ्याला ओरखडा काढला. सांडशीत बोट चिमटल्यावर तीही वर गेली. ट्रॉली ढकलताना बोटे सापडू नयेत म्हणून ती पूर्ण बंद होणार नाही असा रबराचा तुकडा मागे चिकटवला आहे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातले चपटे गोल सेल मात्र मुलांच्या हाती अजिबात लागू नयेत. ते गिळले गेल्यास अन्ननलिका काही तासांत भाजू शकते.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. भांडी दोनदा घासावी लागतात, डाव कचऱ्याच्या डब्यात सापडतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंसाठी सतरंजी अंथरावी लागते. खेळण्यांपैकी चेंडू आणि कापडी पुस्तक टिकून आहेत, हेही नोंदवतो.

ढोलालाही गेल्या आठवड्यात अखेर उपयोग सापडला. लेक तो ओढत स्वयंपाकघरात आणते, पालथा घालते आणि ओट्यावर काय चालले आहे ते पाहायला त्यावर चढते. त्यामुळे ओट्याच्या कडेची प्रत्येक वस्तू आता हातभर आत सरकवावी लागली आहे.