टीव्ही भिंतीवर की स्टँडवर? फिक्स, टिल्ट की स्विव्हल? आधी भिंत बघा, मग ठरवा

नवीन टीव्ही घेतला की पहिला प्रश्न हाच, भिंतीवर लावायचा की युनिटवर ठेवायचा, आणि मुंबईत १० बाय १२ च्या हॉलमधे बहुतेक जण डोळे झाकून भिंत म्हणतात. जागा वाचते हे खरंच आहे. पण ब्रॅकेट कुठला घ्यायचा हे टीव्हीवरून कमी आणि भिंतीवरून जास्त ठरतं, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही.

भिंत ओळखायची तर ड्रिल मारताना पडणारी भुकटी बघा. लाल असेल तर वीट, तिथे चांगली गिट्टी, म्हणजे भोकात बसवायचा प्लॅस्टिकचा प्लग, आणि लांब स्क्रू पुरतो. करडी भुकटी आणि बिट आत सरकता सरकत नाही म्हणजे काँक्रीट, हल्ली नवीन टॉवरमधे मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात, भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात, साध्या ड्रिलने तिथे काही होत नाही, हॅमर ड्रिलच लागतं, पण एकदा फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा लोखंडी बोल्ट) बसला की कसलीच चिंता नाही. पांढरट, पिठासारखी मऊ भुकटी आली तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेला हलका काँक्रीटचा ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सगळे सिपोरेक्स म्हणतात, आणि इथे मात्र खरंच जपा कारण साधी गिट्टी त्यात नीट धरत नाही, हळूहळू सैल होते, त्यासाठी लांब फ्रेम फिक्सिंग (लांब प्लगसकट येणारा स्क्रू) किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) वापरायला लावा. गिरगाव-लालबागकडच्या जुन्या घरांत प्लास्टर जाड आणि भुसभुशीत असतं, स्क्रू त्याच्या पार आत विटेत गेला पाहिजे. जिप्समचं किंवा लाकडी पार्टिशन असेल तर मागे जाड प्लाय किंवा मजबूत फ्रेम असल्याशिवाय नकोच.

आता ब्रॅकेट. फिक्स सगळ्यात स्वस्त, टीव्ही भिंतीला चिकटून बसतो, दिसतोही छान. अडचण मागच्या बाजूला आहे, मधे दोनतीन सेंटीमीटरच जागा उरते, त्यात थ्री-पिन प्लग मावत नाही आणि एचडीएमआयची वायर सरळ मागे निघत असेल तर ती दाबली जाते. सेटटॉप बॉक्स बदलला की अख्खा टीव्ही उतरवा. म्हणून फिक्स घेणार असाल तर प्लग पॉइंट टीव्हीच्या मागे न देता खाली किंवा बाजूला द्या.

टिल्ट मला मुंबईच्या घरांसाठी सगळ्यात शहाणा वाटतो. टीव्ही १०-१५ अंश खाली झुकतो, एवढंच, पण आपल्याकडे टीव्हीखाली शोकेस, त्यावर देवघर किंवा फोटो असं असतं त्यामुळे टीव्ही वर जातोच. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात, खाली चटईवर बसलं तर अडीच फुटांच्या आसपास, आणि लोक टीव्ही लावतात पाच फुटांवर! घरातली आजी रोज संध्याकाळी दोन तास मान वर करून बघत असेल तर तिची मान दुखणारच. शक्यतो खालीच लावा, आणि नाइलाज असेल तर निदान टिल्ट घ्या. ट्यूबलाइटची चमकही थोडी कमी होते.

स्विव्हल, म्हणजे हाताने पुढे ओढून डावीउजवीकडे वळवता येतो तो. किचनमधून बघायचं असेल, हॉल एल आकाराचा असेल किंवा बाजूने बघताना पॅनलचा रंग फिका पडत असेल तर याचा खरा उपयोग आहे. पण हिशोब समजून घ्या. १५ किलोचा टीव्ही भिंतीपासून ४० सेंटीमीटर पुढे ओढला आणि वरच्या-खालच्या स्क्रूंमधे २० सेंटीमीटर अंतर असलं तर वरचे स्क्रू भिंतीतून बाहेर खेचणारा जोर ३० किलोइतका होतो. तोच टीव्ही फिक्सवर भिंतीलगत असताना हा जोर चारपाच किलोच असतो. काँक्रीटला याचं काही वाटत नाही, सिपोरेक्सवर मोठा टीव्ही स्विव्हलवर लावायला मी कोणालाच सांगणार नाही. हलक्या ३२ इंचीची गोष्ट वेगळी.

स्टँडला लोक उगाच नाकं मुरडतात. पश्चिमेकडची बाहेरची भिंत असेल आणि दर पावसाळ्यात तिला ओल येत असेल, पोपडे सुटत असतील तर तिथे टीव्ही लावूच नका, स्क्रू गंजतात आणि टीव्हीच्या पाठीला दमट हवा लागत राहते, त्यापेक्षा आतल्या भिंतीजवळ युनिट बरं. फक्त घरात लहान मूल असेल तर टीव्ही पट्ट्याने मागे बांधा, पोरं धरून उभी राहायला बघतात आणि टीव्ही अंगावर येतो, यात अजिबात हयगय नको.

ब्रॅकेट वेगळा घेत असाल तर टीव्हीच्या पाठीमागच्या चार भोकांमधलं अंतर मिलिमीटरमधे मोजून न्या, २०० बाय २००, ४०० बाय २०० असं काहीतरी निघेल, आणि ब्रॅकेटवर लिहिलेलं वजन टीव्हीपेक्षा भरपूर जास्त असू दे. भोक पाडायच्या आधी स्विचबोर्डच्या सरळ वरची आणि खालची पट्टी सोडा, कन्सील्ड वायर बहुतेक तिथूनच जाते.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाला आधी विचारा आणि होकार मेसेजवर लेखी घ्या. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट संपताना भोकं बुजवून रंग मारून देणार का तेही तेव्हाच बोलून ठेवा, नाहीतर डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. आणि टेक्निशियनला बोलवायच्या आधी सोसायटीची ड्रिलिंगची वेळ विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी दुपारी आणि रविवारी चालवू देत नाहीत.