टाकीला डाख, लायनर की नवी टाकी? जुन्या गाडीची पेट्रोलगळती

जुन्या गाडीखाली पेट्रोलचा वास यायला लागला की सल्ले दोनच मिळतात: ‘लाव काहीतरी चिकटवून’ नाहीतर ‘सगळं बदलून टाक’. दोन्ही कधी ना कधी बरोबर ठरतात, पण गळतंय कुठून हे आधी कळायला हवं.

थेंब पडतो त्याच्या वर छिद्र असेलच असं नाही. पेट्रोल पाइपवरून, चासीवरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला येतं. इंजिन थंड असताना सगळं पुसून कोरडं करा आणि सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा. पावडरीतली ओली रेघ वर वर शोधत गेलात की मूळ सापडतं. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर संशय पंपापुढच्या लाइनवर. टाकी फुल केल्यावरच वास येत असेल तर भरणीचा पाइप किंवा टाकीवरच्या गेज युनिटचं (पेट्रोल किती आहे ते मोजणाऱ्या भागाचं) गॅस्केट. उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोमधून थेंब येत असतील तर फ्लोटची नीडल, म्हणजे आत येणारं पेट्रोल अडवणारी सुई, नीट बसत नाही. तिथे बरेचदा नुसता कचरा अडकलेला असतो, नवा कार्बोरेटर घ्यायची घाई नको.

रबरी पाइपबाबत मात्र तुलना करण्यासारखं काही नाही. टेप गुंडाळणं म्हणजे पेट्रोलला दुसरी वाट शोधायला सांगणं. फक्त टोकालाच चीर असेल तर तेवढं कापून पाइप पुन्हा बसवता येतो, पण बाकीचा पाइप दुमडून बघा. बाहेरून बारीक भेगा उघडल्या, तर सगळाच गेलाय. जुन्या रबराला इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मानवत नाही, म्हणून इथेनॉल चालणारा पाइप मागा. कार्बोरेटरच्या लाइनमध्ये दाब अर्ध्या बारच्याही आत असतो, इंजेक्शनच्या गाडीत साधारण अडीच ते चार बार. पहिल्याचा स्वस्त पाइप दुसऱ्याला लावू नका.

खरा घोळ टाकीचा. पत्र्याच्या टाकीत पाणी तळाशी बसतं आणि गंज आतून खात येतो. म्हणजे बाहेर सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी आतला पत्रा कुठवर उरलाय ते दिसत नाही. माझ्या जुन्या स्कूटरच्या टाकीला मी छिद्र बुजवायची पुटी लावली होती. महिनाभर कोरडी राहिली, मग कडेने चिकट, गुळासारखी मऊ झाली आणि बोटाने निघून आली. पुटी ठीक आहे ती गाडी गॅरेजपर्यंत न्यायला. तेवढ्यासाठी तर अंगाचा साबण घासला तरी चालतो, कारण तो पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही.

डाख, म्हणजे सोल्डरिंग, टिकतो, पण आजूबाजूचा पत्रा धड असेल तरच. दगड लागून पडलेलं छिद्र किंवा सुटलेला सांधा असेल तर मी डाखच निवडेन. गंजलेल्या पत्र्यावर तो आज इथे, उद्या दोन इंच पलीकडे. लायनर, म्हणजे आतून ओतायचं अस्तर, बारीक छिद्रं अनेक असतील तेव्हा उपयोगी. पण सगळी मेहनत आधीची: गंज काढणं, धुणं, पूर्ण वाळवणं. त्यात कुचराई झाली की अस्तराचे पापुद्रे सुटून पेट्रोलचा कॉक आणि फिल्टर तुंबतात, आणि हे दुखणं गळतीपेक्षा चिवट. टाकीचा तळ अंगठ्याने दाबल्यावर लवत असेल तर नवी टाकी, यात दुमत नको. नवी मिळतच नसेल तर गंजका भाग कापून नवा पत्रा जोडणारा कारागीर शोधावा. प्लॅस्टिकच्या टाकीला डाखाचा प्रश्नच नाही, ती तडकली की बदला.

डाख असो वा वेल्डिंग, ‘टाकी रिकामी आहे’ यावर कुणी विसंबू नये. पेट्रोल काढल्यावर उरलेली वाफ हवेत मिसळून स्फोट होऊ शकतो, त्यामुळे भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातक. हे काम घरी करायचं नाही. कारागिराकडेही टाकी आतून कशी धुणार, वाफ कशी काढणार हे विचारा, आणि उत्तर हसण्यावारी गेलं तर टाकी उचलून परत आणा. घरी शोधाशोध करतानाही गाडी आधी उघड्यावर घ्या आणि मग बॅटरीची टर्मिनल काढा. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत लांबच्या ठिणगीपर्यंत जाते.

दुरुस्तीनंतर अर्ध्या टाकीवर समाधान मानू नका. फुल करा, इंजिन दहा मिनिटं चालवा, मग रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी सांध्यांवरून कोरडा कागद फिरवा. खाली जमिनीवर बघून उपयोग नाही, बारीक पाझर पडायच्या आधीच उडून जातो.