आठ महिन्यांनंतर: आठ इंची पक्कड, दहा इंची स्क्रू पाना आणि उतरलेले पाणी

हत्यारे एकाच जुन्या भारतीय ब्रँडची. आठ इंची कॉम्बिनेशन पक्कड, दहा इंची स्क्रू पाना, रिंग पान्यांचा संच आणि दोन स्क्रू ड्रायव्हर. काम घरगुती वायरिंगचे आणि किरकोळ प्लंबिंगचे, आठवड्यातून चार-पाच दिवस. तुलनेला याच ब्रँडची याच मापाची, पंधरा वर्षे वापरातली जुनी पक्कड. ब्रँडचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुखणे एका नावापुरते नाही आणि खाली दिलेल्या तपासण्या कोणत्याही नावाच्या हत्याराला लागू पडतात. माल डुप्लिकेट असल्याची शंका आधीच काढून टाकतो. अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर घेतला आहे, ठसाही खोल आणि स्वच्छ आहे.

सर्वांत जास्त निराशा पक्कडीने केली. नवी असताना १.५ आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साफ तुटत होती. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी कटरच्या टोकाकडच्या भागात मल्टिस्ट्रँड वायरचे दोन-चार धागे न तुटता दुमडू लागले. चौथ्या महिन्यात १४ गेजची, म्हणजे साधारण २ मिलिमीटरची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार जिथे तोडली जाते, तिथे धारेवर अर्धगोल खाचा दिसू लागल्या. या खाचा नीट पाहण्यासारख्या असतात. खाच तारेच्या आकाराची आणि गुळगुळीत असेल तर धार मऊ आहे, म्हणजे पाणी (पोलाद तापवून झटकन थंड करून आणलेला कडकपणा) कमी पडले आहे. काचेसारखी कपची उडाली असेल तर उलटे झाले आहे: पोलाद कडक केले, पण नंतर हलके तापवून त्याचा ठिसूळपणा घालवला नाही. इथे सगळ्या खाचा पहिल्या प्रकारच्या निघाल्या.

खात्री करायला बारीक दातांची चांगली कानस पुरते. जुन्या पक्कडीच्या धारेवर कानस घसरते, काही निघत नाही. नवीच्या धारेवर ती चावते आणि चकचकीत कीस पडतो. कधी कधी भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळून फक्त वरची साल मऊ झालेली असते. तसे असेल तर पहिल्या काही घासांनंतर कानस घसरू लागते आणि एकदा धार लावली की हत्यार सुधारते. या पक्कडीत साधारण ०.२ मिलिमीटर काढल्यावरही कानस चावतच राहिली. धारेला खोलवर पाणी मिळालेलेच नाही, हाच त्याचा अर्थ.

चांगल्या पक्कडीचे अंग चिवट ठेवतात आणि फक्त कटरची धार इंडक्शन कॉइलने (वीज सोडलेल्या तांब्याच्या वेटोळ्याने) काही सेकंद लाल करून थंड करतात. कॉइलचे अंतर किंवा वेळ थोडी चुकली की कडक थर उथळ राहतो. नंतर दोन्ही धारा जुळवण्यासाठी ग्राइंडिंग होते, त्यात तो उथळ थरही निघून जातो. धारा मुळात नीट जुळलेल्या असतील तर ग्राइंडिंग थोडे लागते, वेड्यावाकड्या असतील तर जास्त. म्हणून फोर्जिंगमधली, म्हणजे तापलेले पोलाद ठोकून आकार देतानाची ढिलाई शेवटी धारेच्या कडकपणात दिसते.

घरी धार लावून हे निस्तरता येईल का? एकदा, फार तर दोनदा. पक्कड मिटते तेव्हा नाकही, म्हणजे पुढचे दातेरी टोकही टेकते आणि कटरही. कटर रिवेटपासून, म्हणजे दोन्ही दांडे जोडणाऱ्या खिळीपासून सुमारे १५ मिलिमीटरवर आहे, नाक सुमारे ४० मिलिमीटरवर. कटरवरचे ०.२ काढले की ती फट मिटवायला नाकावरून जवळजवळ अडीच पट, म्हणजे अर्धा मिलिमीटर काढावा लागतो. तेवढ्यात नाकाचे दाते अर्धे होतात आणि पकड जाते.

रिवेट पाचव्या महिन्यात ढिला झाला. दांडे थोडे उघडून जबडे बाजूने हलवले की टकटक जाणवते. नव्या पक्कडीत घातलेले तेल सुरुवातीला काळे होऊन बाहेर येणे स्वाभाविक आहे, आतले पृष्ठभाग एकमेकांवर बसत असतात. पण तिसऱ्या महिन्यातही तेलात चमकणारी भुकटी येत असेल तर आतले पृष्ठभाग सपाट केलेले नाहीत, दोन-चार उंचवट्यांवरच सगळा भार आहे आणि तेच झिजत आहेत. उपाय सोपा आहे. रिवेटची एक बाजू ऐरणीवर किंवा जाड लोखंडावर टेकवायची आणि दुसऱ्या बाजूच्या कडेवर गोल डोक्याच्या अर्धा किलोच्या हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्यायचे. प्रत्येक ठोक्यानंतर उघडझाप करून पाहायचे. जास्त घट्ट झालीच तर थोडी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट सांध्यात घालून पन्नास-साठ वेळा उघडझाप करायची, मग रॉकेलने पूर्ण धुऊन तेल द्यायचे. पेस्ट आत राहिली तर सांधा ती खात राहते. असा घट्ट केलेला रिवेट आतापर्यंत तीन महिने टिकला आहे.

मुठीचे प्लास्टिक घामाने सरकू लागले. ते काढून, दांडा स्पिरिटने पुसून, प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून परत चढवले की बसते. मात्र साध्या पक्कडीचे हे प्लास्टिक हातात आरामासाठी असते. चालू लाइनवर काम करायचे असेल तर दुहेरी त्रिकोण आणि १००० व्होल्ट असा छाप असलेलेच, आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेले हत्यार घ्या. हे प्रत्येक फिटरला कळकळीने सांगावेसे वाटते.

स्क्रू पान्याची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १७ मिलिमीटरच्या नटवर बसवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजले तर नवीन असताना ०.३ मिलिमीटरचा खेळ होता, आज ०.६ आहे. सरकता जबडा खाचेत तिरका होतो, त्यामुळे नटच्या कडा मारल्या जातात. जोर नेहमी स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने पाना फिरवला तर नुकसान कमी होते. जबड्याच्या कडेचे क्रोम पापुद्र्यासारखे निघते आणि बोट कापते. निकेल-क्रोम चढवण्याआधी पृष्ठभाग नीट साफ केलेला नसला की असे होते. कोकणातल्या खाऱ्या हवेत त्या पापुद्र्याखाली गंज लगेच धरतो. सुटलेला भाग कानसने काढून तेलाचा हात फिरवत राहणे एवढेच हातात आहे.

आता जे चांगले निघाले ते. रिंग पान्यांचा संच (१०-११, १२-१३, १४-१५, १६-१७) आठ महिन्यांनी नव्यासारखाच बसतो, एकाचेही तोंड फाकलेले नाही. पीएच २ मापाच्या, फुलीच्या टोकाच्या स्क्रू ड्रायव्हरचे टोकही शाबूत आहे. चपट्या ड्रायव्हरचे टोक मात्र किंचित पिळले.

ब्रँड तोच, खरेदी एकाच वेळची, मग हा फरक का? रिंग पान्यात सांधा नाही आणि धारही नाही. साचा बरोबर असेल, पोलाद बरे असेल आणि सगळ्या तुकड्याला एकसारखे पाणी दिले असेल तर तो चांगलाच होतो. पक्कड आणि स्क्रू पाना यांना शेवटी कोणीतरी हातात घेऊन जुळवावे लागते, तपासावे लागते, वाईट नग बाजूला काढावा लागतो. खर्च कमी करताना आधी हेच काम कापले जाते, असे या हत्यारांवरून स्पष्ट दिसते.

यावर 'बाहेरून बनवून घेतात म्हणून माल बिघडला' असे दुकानात ऐकू येते. ते मला पटत नाही. अमेरिकेत सीअर्सने १९२७ साली सुरू केलेले क्राफ्ट्समन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाचे होते, आणि सीअर्स ती हत्यारे इतरांकडूनच बनवून घेत असे. पक्कडी आणि स्क्रू ड्रायव्हर कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या वेस्टर्न फोर्जमध्ये बनत. बनवून घेणारा मोजमाप आणि कडकपणा याबाबत अडून बसतो की नाही, यावर सगळे अवलंबून आहे. पुढे २०१७ मध्ये ते नाव स्टॅनले ब्लॅक अँड डेकरकडे गेले आणि २०२० मध्ये वेस्टर्न फोर्ज बंद झाली. नाव विकत घेता येते, जुना तपासनीस त्याबरोबर येतोच असे नाही.

पक्कड घेताना काउंटरवर पाच मिनिटे मागा आणि एकाच खोक्यातले चार-पाच नग पाहा, फरक लक्षणीय असतो. हलके मिटून उजेडाकडे धरा, कटरच्या पूर्ण लांबीत उजेड दिसता कामा नये. जबडे बाजूने हलवून पाहा. कटरच्या टोकाने वर्तमानपत्राचा कागद कापा, मग फ्लेक्सिबल वायरचा एकच धागा. कागद फाटला किंवा धागा दुमडला तर नग परत ठेवा. कानस खिशात असेल तर दुकानदाराला विचारून कटरच्या मागच्या कोपऱ्यावर एक हलका घास मारा.

बदली मागताना 'झीज' म्हणून नकार मिळतो. त्यासाठी पहिल्याच आठवड्यात तांब्याची तार तोडून धारेचा जवळून फोटो काढा, बिलही त्याच फोटोत ठेवा. खाच तांब्याने पडली असेल तर तिला झीज म्हणता येत नाही. जीआय तार तोडल्यावर मात्र हा मुद्दा लावून धरता येत नाही, म्हणून पहिला आठवडा फक्त तांबे.