लिनक्ससीएनसी आर्म बोर्डावर: सॉफ्टवेअर आलं, पॅरलल पोर्ट मागेच राहिला

लिनक्ससीएनसी, म्हणजे सीएनसी मशीन चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर, आर्म प्रोसेसरच्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या बोर्डावर चालतं का? चालतं, आणि छान चालतं. पण जुन्या पीसीवरची कॉन्फिग जशीच्या तशी उचलून आणली तर मशीन हलणारसुद्धा नाही.

इन्स्टॉलेशनला पैकीच्या पैकी गुण. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे ठरल्या वेळी काम पुरं करणाऱ्या (रिअलटाइम) लिनक्स कर्नलसह तयार इमेज मिळते. सोर्सवरून बिल्ड केलंत तर शेवटी 'सूडो मेक सेटयूआयडी' विसरू नका. नाहीतर प्रोग्राम उघडतो, पण रिअलटाइम मिळत नाही. स्वतः लिहिलेले हॅल कम्पोनंट (लिनक्ससीएनसीला हार्डवेअरशी जोडणारे छोटे प्रोग्राम) असतील तर आणखी एक खोच आहे. एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या पीसीच्या प्रोसेसरवर, सी भाषेतला साधा कॅरेक्टर प्रकार ऋण आकडे धरतो, आर्म लिनक्सवर धरत नाही. -१ चं २५५ होतं, 'शून्यापेक्षा कमी' ही अट कधीच खरी ठरत नाही, आणि कम्पायलर बहुधा गप्प बसतो. तिथे 'साइन्ड' स्पष्ट लिहायचं.

खरी अडचण पल्सची, म्हणजे स्टेपर मोटरला एकेक पाऊल (स्टेप) हलवणाऱ्या सिग्नलची. पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर एक्स८६ च्या पोर्ट इनपुट-आउटपुट सूचनांवर उभा आहे; आर्ममध्ये त्या नाहीतच. मग बोर्डाच्या जीपीआयओ (साध्या इनपुट-आउटपुट) पिनांवरून स्टेप काढायचा मोह होतो. गणित करून बघा: ५ मिमी पिचचा स्क्रू, स्क्रूच्या एका फेरीला १६०० स्टेप, म्हणजे मिमीला ३२०. बेस थ्रेड (पल्स काढणारं, सतत फिरणारं जलद काम) १०० मायक्रोसेकंदांचा ठेवला आणि एक स्टेप थ्रेडच्या दोन आवर्तनांत पुरी होत असेल, तर ५००० स्टेप सेकंदाला, म्हणजे जेमतेम ९३७ मिमी मिनिटाला. शिवाय पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्टचा लिमिट स्विच थेट जोडला तर बोर्ड जायचा. पाय ५ वर या पिना वेगळ्या चिपकडे गेल्यामुळे जुने जीपीआयओ ड्रायव्हर तिथे उपयोगाचे नाहीत.

म्हणून पल्स बनवणारं कार्ड घ्याच: इथरनेटवर मेसा ७आय७६ई किंवा एसपीआयवर ७सी८१. मग बेस थ्रेड लागतच नाही. मशीनची जागा मोजत राहणाऱ्या १ मिलिसेकंदाच्या सर्वो थ्रेडला १०० मायक्रोसेकंदांची लेटन्सी (काम सुरू व्हायला लागणारा उशीर) सहज पचते. पाय ३ मात्र इथरनेट कार्डासाठी नको, त्याचं इथरनेट आतून यूएसबीवरून जातं.

हा उशीर मोजणारा लेटन्सी हिस्टोग्राम किमान तासभर चालवा, सोबत ग्राफिक्सचा भार टाकणाऱ्या जीएलएक्सगिअर्सच्या दोन-चार खिडक्या उघड्या ठेवून. मध्येच उंच टोक दिसलं तर आधी सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर आणा, एक कोर रिअलटाइमसाठी राखून ठेवणारा 'आयसोलसीपीयूज=३' हा कर्नल पर्याय लावा आणि पॉवर सप्लाय तपासा; व्होल्टेज पडलं की बोर्ड गुपचूप प्रोसेसरचा वेग कमी करतो.