मरणाऱ्या पेशी ओळखायच्या तर कोणता रंग?

नागपुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांना मी आधी अॅक्रिडीन ऑरेंज–इथिडियम ब्रोमाइड ही चमकणाऱ्या रंगांची जोडीच हाती देते. 25 मायक्रोलिटर पेशींत 1 मायक्रोलिटर मिश्रण, वर कव्हरस्लिप, की लगेच सूक्ष्मदर्शकाखाली. जिवंत पेशीचं केंद्रक एकसारखं हिरवं दिसतं. अपॉप्टोसिस, म्हणजे पेशीचं ठरवून मरणं, सुरू झाला असेल तर त्याच हिरव्यात क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रथिनांच्या गुंत्याचे) चकचकीत ठिपके गोळा झालेले असतात. आवरण फुटलं की इथिडियम आत शिरतं आणि केंद्रक पिकल्या संत्र्यासारखं होतं. ठिपके असतील तर उशिराचा अपॉप्टोसिस, सपाट नारिंगी असेल तर नेक्रोसिस, म्हणजे इजेनं आलेलं मरण. हे डोळ्यांनी पाहिलेलं पोरं विसरत नाहीत. हातमोजे मात्र हवेतच, इथिडियम डीएनएत घुसतं.

अॅनेक्सिन व्ही–पीआय ही दुसरी जोडी त्याआधीची गोष्ट पकडते (पीआय म्हणजे प्रोपिडियम आयोडाइड, इथिडियमसारखंच फुटलेल्या पेशीत शिरणारं). आवरणाच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरीन हे स्निग्ध द्रव्य बाहेर आलं की अॅनेक्सिन त्याला चिकटतं, केंद्रक अजून धड असतानाही. फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर काही मिनिटांत दहा हजार पेशी मोजून होतात. डोळ्यांनी दोनशे मोजतानाच मान धरते. पण अॅनेक्सिनला कॅल्शियम लागतं. पेशी सुट्या करायच्या ट्रिप्सिनसोबतचं, कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए नीट धुतलं नाही तर रंग चढतच नाही. माझा एक अख्खा दिवस असाच गेलाय. शिवाय किट महाग, ठेवायचं 2 ते 8 अंशांत. मे महिन्यात पार्सल आलं तेव्हा आतल्या बर्फाचं कोमट पाणी झालं होतं.

औषधाचा परिणाम आकड्यांत मांडायचा असेल तर अॅनेक्सिनच घ्या. मी मागवते, पण दिवाळीनंतर.