जुन्या पेंटबॉल बंदुका की सोनं? १८०० डॉलरच्या पसाऱ्याचा हिशोब

गेल्या रविवारी ओहायोहून भाच्याचे फोटो आले. शेजारच्या गावात एकाने गॅरेज सेलमध्ये आपला पेंटबॉलचा (हवेच्या दाबाने एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायचा खेळ) सगळा पसारा मांडला होता: बंदुकांत दोन ऑटोकॉकर, एक ऑटोमॅग, एक एंजल, एक प्लॅस्टिकची स्प्लॅटमास्टर, शिवाय तीन हवेच्या टाक्या, सहा मास्क आणि बंदुकांच्या खोकंभर नळ्या. एकगठ्ठा १८०० डॉलर. खाली प्रश्न: "मामा, घेऊन ठेवू का? पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतोय विकणारा."

मलाच विचारायचं कारण आहे. वायटूकेच्या कामासाठी शिकागोला आलो तेव्हा ऑफिसातल्या पोरांनी मला शनिवारी रानात नेऊन अंगावर रंग झेलायला शिकवलं होतं. १९९९ साली मी ३१० डॉलरला एक वापरलेली ऑटोमॅग घेतली. वीस वर्षं तेल घालून जपली आणि २०१९ मध्ये २२० ला विकली. हा माझा अनुभव. त्यामुळे मी फार उत्साही सल्लागार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आधी "दुप्पट" म्हणजे काय ते बघू. पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला १५ टक्क्यांच्या आसपास वाढ लागते. त्यात मोठ्या ऑनलाइन बाजारात विकायचं तर १३ टक्क्यांच्या घरात फी जाते. म्हणजे हातात ३६०० पडायला विक्री ४१०० च्या वर हवी, पार्सलचा खर्च वेगळा. शिवाय हौसेच्या वस्तूवर नफा झाला तर अमेरिकेचं करखातं हिस्सा मागतं, तोटा झाला तर मात्र वजावट देत नाही.

आता दुसरं पारडं. १९९९ च्या अखेरीला सोनं औंसाला २९० डॉलर होतं, २०२४ च्या अखेरीला २६०० च्या पुढे. म्हणजे नऊपट. अमेरिकेतल्या मोठ्या ५०० कंपन्यांच्या निर्देशांकात तेव्हा हजार डॉलर टाकून लाभांश पुन्हा तिथेच गुंतवला असता, तर २५ वर्षांत ६४०० च्या आसपास झाले असते. आणि १९९९ ची अखेर म्हणजे शेअरबाजार फुगलेला असतानाची, खरेदीला अगदी वाईट वेळ. महागाई धरली तर त्या हजाराचे नुसते जागच्या जागी राहायलाच १९०० च्या जवळपास व्हायला हवेत. त्या काळात नवी एंजल हजाराच्या वर जायची. आज चालू अवस्थेतली साधी एंजल मूळ किमतीलाही जात नाही. इथेच हिशोब मिटला, पण भाचा ऐकणारा नाही, म्हणून एकेक वस्तू घेऊ.

एंजल दिसायला सगळ्यात देखणी आणि ठेवायला सगळ्यात धोक्याची. इंग्लंडच्या डब्ल्यूडीपी कंपनीची ही इलेक्ट्रॉनिक बंदूक नव्वदीच्या शेवटी आली तेव्हा स्पर्धेच्या मैदानावर तिच्याकडे लोक टक लावून बघत. पण तिच्या पोटात सर्किट बोर्ड आहे, बॅटरी आहे, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारी झडप) आहे. कंपनी आता उरलेली नाही. शॉकर नावाची तशीच इलेक्ट्रॉनिक बंदूक काढणाऱ्या स्मार्ट पार्ट्सनेही २०१० मध्ये गाशा गुंडाळला. बोर्ड गेला की ती बंदूक म्हणजे ऍल्युमिनियमचा रंगीत ठोकळा. शेल्फवर पडून राहिली तरी बॅटरी म्हातारी होतेच. कोणी "चालते" म्हणाला तर समोर हवा भरून, बटण दाबून, चार फैरी झाडून दाखवायला सांगावं. तो कां कूं करायला लागला तर उत्तर मिळालं.

ऑटोकॉकरचं तसं नाही. बड ऑर याने आपल्या स्नायपर या हाताने पंप करायच्या बंदुकीवर छोटा सिलेंडर, झडप आणि रेग्युलेटर बसवून ती आपोआप कॉक, म्हणजे पुढच्या गोळीसाठी तयार, होईल अशी केली, ती ऑटोकॉकर. यातलं सगळं डोळ्याला दिसतं. ट्रिगर दाबला की पुढची दांडी मागे जाते, मागचा ठोकळा उघडतो, गोळी पडते, बंद होतो. टायमिंग बिघडलं की गोळी चेंबरमध्येच फुटते आणि अख्खा शनिवार ऍलन की हातात धरून जातो. पण ओ-रिंग (रबरी कडी), स्प्रिंग, होस बदलून ती जिवंत करता येते. दुसरी गोष्ट म्हणजे तिचे नळीचे आटे आजच्या कित्येक नव्या बंदुकांनाही तेच आहेत, त्यामुळे ऑटोकॉकरची चांगली नळी एकटीही विकली जाते. शॉकटेक, बेलसेल्स अशांनी कोरून, रंगीत मुलामा चढवून विकलेल्या कॉकरना शौकीन अजून शोधतात. साध्या काळ्या कॉकरला मात्र कोणी हुंगत नाही. फोटोत दोन्ही काळ्याच दिसत होत्या.

खोक्यातल्या बाकीच्या नळ्यांबद्दल एक गोम. जुन्या नळ्यांची भोकं बऱ्याचदा मोठी असतात आणि आजची गोळी बारीक, म्हणजे ती नळीत सैल बसते. माझी ऑटोमॅग घ्यायला आलेल्या माणसाने खिशातून एक गोळी काढली, नळीत सोडली, आणि ती न अडखळता सरळ दुसऱ्या टोकाने त्याच्या तळहातावर पडली. तो काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. तिथेच ४० डॉलर उतरले.

ऑटोमॅग म्हणजे टॉम काये यांच्या एअरगन डिझाइन्स कंपनीची, आमच्याच शिकागोकडची. दणकट, भाग कमी. हौशी लोकांकडे सुटे भाग अजून फिरतात. तिच्या घराण्यातली एक्स-मॅग दुर्मिळ आहे आणि तिला खरंच चढा भाव येतो. पण लॉटरीचं तिकीट लागलेल्या शेजाऱ्याकडे बघून आपण तिकीट घ्यावं, तसं होईल हे.

राहिली स्प्लॅटमास्टर. गंमत म्हणजे ढिगात सगळ्यात स्वस्त दिसणाऱ्या याच वस्तूवर मी थांबलो. ही ऐंशीच्या दशकातली. २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरला बारा जण पहिल्यांदा हा खेळ खेळले, ते झाडांवर आणि गुरांवर खूण करायच्या नेलस्पॉट ००७ पिस्तुलांनी. जिंकला रिची व्हाइट, आणि त्याने एकही गोळी झाडली नव्हती! नेलस्पॉट ढिगात असती तर मी आधी तिचाच फोटो मागवला असता. स्प्लॅटमास्टर नेलस्पॉटच्या पुढच्या पायरीवरची, खास खेळासाठी घडवलेली. बॅटरी नाही, मोठी टाकी नाही. १२ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची कुपी घातली की झालं, आणि ती कुपी आजही सहज मिळते. प्लॅस्टिकला तडा नसेल, मूळ खोकं आणि माहितीपत्रक असेल, तर अशा वस्तूला गिऱ्हाईक मिळतं. मिळतं म्हणजे धावत येतं असं नाही.

मास्क आणि टाक्या हिशोबातून सरळ वजा. जुन्या मास्कचा फोम भुगा होतो आणि काचेवर भरवसा ठेवून खेळणं म्हणजे डोळ्यांशी खेळणं. जेटी कंपनीच्या जुन्या मास्कचा एखादा शौकीन भेटेल, तेवढंच. टाक्यांचं तर कायद्याचंच लफडं. हवेच्या टाकीची दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी करावी लागते आणि कार्बन फायबर गुंडाळलेल्या टाकीचं आयुष्य साधारण १५ वर्षं धरतात. तारीख उलटली की मैदानावरचा माणूस ती भरून देत नाही.

या सगळ्याखाली एक वेगळीच अडचण आहे. सोन्याला सराफ वजन करून पैसे देतो, त्याला ते आवडलं की नाही हा प्रश्नच नसतो. ऑटोकॉकरला मात्र आवडणाराच माणूस लागतो, आणि तो कोण? १९९८ ला सोळा-सतरा वर्षांचा असलेला, तेव्हा परवडली नाही म्हणून आज घेणारा. तो आता पंचेचाळिशीच्या आसपास आहे, हातात पैसे आहेत, म्हणून आज थोडा भाव आहे. तो साठीत गॅरेज रिकामं करायला घेईल तेव्हा घेणारा कोण? आजच्या सोळा वर्षांच्या पोराला एंजल म्हणजे काय हे माहीत नाही, आणि त्याच्या आठवणीत ती नाहीच. १८०० डॉलर मागणारा तो माणूसही गॅरेज रिकामंच करत होता.

भाच्याला लिहिलं: ढीग उचलू नकोस. पैसे वाढवायचे असतील तर निर्देशांकाचा फंड घे, आजीच्या समाधानासाठी थोडं सोनं घे. खेळायला हवी असेल तर एक कॉकर घे, पण ती खर्चात धर. स्प्लॅटमास्टर वेगळी देतो का विचार, आणि टाक्यांवरची तारीख वाच.

काल रात्री उत्तर आलं. टाकीच्या लेबलचा जवळून काढलेला फोटो: बनवल्याचं साल २००३. खाली स्प्लॅटमास्टरचा, खोक्यासकट. "मामा, ४० ला दिली. कुपी कुठून घेऊ?"